मैत्री, मत्सर आणि मळलेले पीठ: मुलांसाठी स्वयंपाकघरातली गोष्ट कशी लिहावी

दोन मैत्रिणी आहेत, त्यांतल्या एकीला छान स्वयंपाक येऊ लागतो, दुसरीच्या पोटात दुखू लागते, मग काहीतरी बिघडते आणि शेवटी दोघी एकत्र जेवायला बसतात. एवढा सांगाडा मनात घेऊन मुलांसाठी गोष्ट लिहायला बसणाऱ्याने पहिले वाक्य लिहिण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारावा. या गोष्टीतून स्वयंपाकघर काढून तिथे चित्रकलेची स्पर्धा किंवा धावण्याची शर्यत घातली, तर गोष्ट जशीच्या तशी उभी राहते का? राहत असेल, तर स्वयंपाक अजून गोष्टीत आलेलाच नाही. नाटकाच्या पडद्यावर रंगवलेल्या झाडासारखा तो नुसता मागे उभा आहे.

स्वयंपाकाला स्वतःचा वेळ असतो, स्वतःचे नियम असतात आणि कोणाच्या मनःस्थितीची तो पर्वा करत नाही. दोघींचे भांडण ऐन रंगात आले म्हणून दूध उतू जायचे थांबत नाही. रुसलेल्या मुलीला कोणी कितीही समजावले तरी ती ढिम्म हलणार नाही, पण उतू जाणाऱ्या दुधाकडे तिला धावावेच लागते आणि त्या धावपळीत तिचा रुसवा क्षणभर तरी गळून पडतो. भांड्यात जे घडते, तेच दोन मुलांमध्ये पुढे काय घडावे याचे कारण झाले पाहिजे. या प्रकारच्या गोष्टीचे खरे कसब एवढ्यातच आहे आणि पुढच्या सर्व सूचना त्याच अनुषंगाने आहेत.

मत्सर कोणता, हे आधी ठरवावे

हेवा, मत्सर, असूया, जळफळाट हे शब्द आपण बोलताना एकमेकांच्या जागी सहज वापरतो. लिहिताना मात्र दोन भावना निरनिराळ्या ठेवाव्या लागतात. ‘तिला जमते, मला जमत नाही’ ही पहिली. तिला दोनच माणसे पुरतात आणि त्यांच्यामध्ये एखादे कौशल्य किंवा एखादी वस्तू असते. ‘ती आता माझी राहिली नाही’ ही दुसरी. तिला तिसरे माणूस लागते आणि तिच्यात हरण्याची नव्हे, तर हरवण्याची भीती असते. सोयीसाठी पहिलीला हेवा आणि दुसरीला मत्सर म्हणू. दोन्ही एकाच गोष्टीत येऊ शकतात, परंतु गोष्ट कोणत्या भावनेवर चालणार आहे, हे लेखकाच्या मनात स्वच्छ नसेल तर मधल्या पानांत नायिका नेमकी कशासाठी रडते आहे हेच वाचणाऱ्या मुलाला कळेनासे होते.

वाचक किती वर्षांचा आहे, याच्याशीही ही निवड बांधलेली आहे. आईने दुसऱ्या बाळासारखी दिसणारी बाहुली जवळ घेतली तर सहा महिन्यांची बाळेसुद्धा अस्वस्थ होतात, असे प्रयोगांत आढळले आहे. त्यामुळे ‘माझे माणूस दुसऱ्याचे झाले’ ही भावना तीन वर्षांच्या श्रोत्यालाही समजावून सांगावी लागत नाही. कौशल्याची तुलना करून स्वतःला कमी लेखणे मात्र शाळेच्या वयात हळूहळू पक्के होत जाते. म्हणून अगदी लहानांसाठी तीन पात्रांची गोष्ट आणि सात-आठ वर्षांच्या पुढच्यांसाठी दोन पात्रांची गोष्ट अधिक सहज उतरते. पात्रे जितकी कमी तितकी गोष्ट सोपी, असा जो सर्वसाधारण समज असतो त्याच्या हे उलट आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मुले मोठ्या आचाऱ्याचा हेवा करत नाहीत. कालपर्यंत आपल्याइतकीच अडाणी असलेली, आपल्याच शेजारी बसणारी मैत्रीण आज काहीतरी करून दाखवते, तेव्हा पोटात दुखते. याचा अर्थ, गोष्टीच्या आरंभी दोघींनाही काही येत नाही हे दाखवणे आवश्यक आहे. दोघींनी मिळून केलेली एक मोठी फजिती पहिल्या दोन पानांत आली की त्यांची मैत्रीही दिसते आणि पुढे पडणारे अंतरही मोजता येते.

गोष्ट मात्र हेवा करणाऱ्या मुलीच्या बाजूने सांगावी. जिला सगळे जमते ती नायिका आणि जळणारी ती खलनायिका, असे केले की वाचणारे मूल मुकाट्याने गुणी मुलीच्या बाजूला जाऊन बसते आणि स्वतःच्या मनातल्या खुपणाऱ्या जागेकडे पाहण्याची त्याला गरजच उरत नाही.

पदार्थ निवडणे म्हणजे कथानक निवडणे

बहुतेक लेखक पदार्थ चवीसाठी किंवा चित्रात रंगीत दिसतो म्हणून निवडतात. पदार्थ निवडताना त्याला किती वेळ लागतो, तो कशाकशाने बिघडतो आणि बिघडल्यावर सुधारता येतो की नाही, या तीन गोष्टी पाहाव्यात. यांतली तिसरी सर्वांत मोलाची आहे, कारण गोष्टीतल्या अपराधाची भरपाई कशी होणार, हे तिच्यावरून ठरते.

खारट झालेले सूप घ्या. एकदा पडलेले मीठ परत काढता येत नाही. त्यात बटाटा टाकला की तो मीठ शोषून घेतो असे अनेक जण सांगतात, पण बटाटा थोडे खारट पाणी शोषतो एवढेच. उरलेले सूप तितकेच खारट राहते. खरा उपाय एकच, तो म्हणजे पाणी आणि भाज्या वाढवून सूप वाढवणे. आता हे गोष्टीच्या भाषेत वाचावे. हेव्यापोटी दुसऱ्यांदा मीठ टाकणाऱ्या मुलीला तिची चूक लपवता येत नाही, बटाट्याची युक्ती करून पाहिली तरी ती फसते, आणि शेवटी सूप दुप्पट करावे लागते, म्हणजे ते संपवायला आणखी माणसे बोलवावी लागतात. जिला मैत्रीण फक्त स्वतःपुरती हवी होती, तिलाच दार उघडून सगळ्यांना आत घ्यावे लागते. यात लेखकाला उपदेशाचे एकही वाक्य लिहावे लागले नाही. मिठाने ते काम केले.

पावाचे पीठ याहून अधिक उपयोगी आहे, म्हणून त्याच्याकडे थोडे सविस्तर पाहू. यीस्ट हा सजीव आहे. साधारण ३५ ते ४० अंश सेल्सिअसच्या कोमट पाण्यात तो जोमाने कामाला लागतो, पिठातली साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि तो वायू तिंबलेल्या पिठाच्या चिवट जाळ्यात अडकून गोळा फुगतो. पाणी ५५-६० अंशांच्या पुढे गेले तर यीस्ट मरतो आणि मग काहीही केले तरी गोळा वर येत नाही. थंडीत मात्र तो मरत नाही, फक्त मंदावतो. फ्रिजमध्ये सुमारे ४ अंशांवर ठेवलेले पीठसुद्धा रात्रभरात सावकाश फुगते. उष्णतेने केलेले नुकसान कायमचे आणि थंडीने केलेले नुकसान तात्पुरते, हा फरक लेखकाला आयताच मिळालेला आहे.

समजा, मीनू आणि तारा या दोघी मिळून पाव करायला शिकत आहेत. ताराचा गोळा पहिल्याच खेपेला फुगतो, मीनूचा दोनदा दगडासारखा होतो. तिसऱ्या दिवशी तारा काही कामासाठी बाहेर जाताना आपला गोळा मीनूच्या हाती देते आणि झाकून उबेच्या जागी ठेवायला सांगते. मीनू तो उघड्या खिडकीत, गार वाऱ्यात ठेवते. तिने काही सांडले नाही, काही फोडले नाही, काही विष कालवले नाही. तिने फक्त जे करायचे होते ते केले नाही. मुलांच्या जगातला बराचसा मत्सर असाच असतो. तारा परत येते तेव्हा गोळा तेवढाच्या तेवढा असतो, ती रडकुंडीला येते आणि आपलेच काहीतरी चुकले असे समजून स्वतःला दोष देऊ लागते. मीनूला गुदमरवून टाकणारे हेच आहे. तिला वाटले होते की ताराला हरलेले पाहून बरे वाटेल, आणि तसे होत नाही.

इथे लेखकाला पिठाचा धर्म माहीत असणे कामाला येते. गोळा मेलेला नाही, गारठलेला आहे. तो पुन्हा उबेला ठेवला तर फुगेल, पण त्याला नेहमीच्या तास-दीड तासाऐवजी बराच जास्त वेळ लागेल. म्हणजे दोघींना आता घटका-घटका गोळ्याकडे पाहत शेजारी-शेजारी बसून राहणे भाग आहे, आणि अशा बसण्यातच न बोललेली गोष्ट बोलली जाते. मीनूने आपली चूक कधी सांगावी? गोळा फुगायला लागल्यावर सांगितली तर ती सुरक्षित झाल्यावर दिलेली कबुली ठरते. फुगण्याआधी, तो फुगेल की नाही हे ठाऊक नसताना सांगितली तर तिला किंमत येते. माझ्या मते दुसरा पर्यायच घ्यावा, मग कबुली एका वाक्याची का असेना.

याच गोष्टीत मीनूने कडकडीत पाणी ओतून यीस्ट मारला असता, तर शेवट निराळा झाला असता. दोघींना पुन्हा पहिल्यापासून पीठ भिजवावे लागले असते. तोही चांगला शेवट आहे, पण त्या गोष्टीत वाट पाहण्याला नव्हे, तर पुन्हा सुरुवात करण्याला महत्त्व येते. कोणती गोष्ट सांगायची आहे ते ठरवून पाण्याचे तापमान ठरवावे.

कांद्याबद्दल थोडक्यात. कांदा चिरला की त्याच्या पेशी फुटतात, त्यातून तयार होणारा वायू डोळ्यांतल्या ओलाव्यात मिसळतो आणि डोळे चुरचुरून पाणी येते. गार केलेल्या कांद्याने हे कमी होते. ज्या मुलीला सगळ्यांसमोर रडायचे नाही, तिला कांदा चिरायचे काम आपणहून मागून घ्यायला लावणे ही जुनी पण न शिळी होणारी युक्ती आहे. मैत्रिणीला ते कांद्याचे पाणी नाही हे कसे कळले, एवढेच लेखकाने शोधून काढावे: कदाचित कांदा फ्रिजमधून नुकताच काढलेला होता, किंवा कांदा चिरून संपला तरी डोळे वाहत राहिले.

वाईट कृत्य किती वाईट असावे

ते मुलाच्या हाताला जमेल इतके लहान आणि त्याचा परिणाम डोळ्यांना दिसेल इतके स्पष्ट असावे. दुसऱ्यांदा टाकलेले मीठ, लपवलेला मोजण्याचा पेला, पाककृतीतली मुद्दाम न वाचलेली ओळ, विझवायला सांगूनही न विझवलेली शेगडी. यांतले शेवटचे मी येथे मुद्दाम घातले आहे, कारण ते वापरू नये. ऐकणारी मुले अनुकरण करतात. म्हणून विस्तव, सुरी, औषधे, साबण आणि सफाईची रसायने यांना मत्सराचे हत्यार कधीही बनवू नये. तसेच शेंगदाणे, दूध, अंडी यांसारखा एखादा पदार्थ मैत्रिणीला सोसत नसताना तो चोरून मिसळणे हा गोष्टीतला खोडसाळपणा म्हणून चालणार नाही, कारण अशा ॲलर्जीने प्रत्यक्षात जीव जाऊ शकतो.

एखाद्या पात्राला चटका बसलाच, तर पुढची कृती बरोबर दाखवावी: भाजलेली जागा सुमारे २० मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरायची, तिच्यावर बर्फ, लोणी किंवा टूथपेस्ट लावायची नाही आणि मोठ्या माणसाला लगेच हाक मारायची. वीस मिनिटे नळापाशी उभे राहणे हाही गोष्टीतला मोलाचा वेळ आहे. शेजारी कोण उभे राहते, ते त्यात दिसते.

मोठ्या माणसांबद्दल लेखक नेहमी गोंधळतात. चुलीपाशी त्यांचा हात असावा, भांडणात त्यांचे तोंड नसावे. आजी येऊन दोघींना समजावते आणि गोष्ट मिटते, हा शेवट मुलांकडून त्यांची गोष्ट काढून घेतो. ओव्हनमधून ट्रे काढण्यापुरती आजी यावी, एखादे निरुपयोगी वाक्य बोलावे आणि निघून जावे.

वय, लांबी आणि गुपित

मीनूच्या गोष्टीत एक अडचण दडलेली आहे. मीनूला जे ठाऊक आहे ते ताराला ठाऊक नाही, हे श्रोत्याला उमजले तरच गोष्टीत ताण येतो. १९८३ साली हाइन्झ विमर आणि योझेफ पर्नर या मानसशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात मुलांना स्वयंपाकघरातलीच एक कथा सांगितली होती: मॅक्सी नावाचा मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून खेळायला जातो, त्याच्या माघारी आई केकसाठी त्यातले थोडे घेऊन उरलेले दुसऱ्याच कपाटात ठेवते, आता मॅक्सी चॉकलेट कुठे शोधेल? तीन वर्षांची मुले बहुधा चॉकलेट जिथे खरोखर आहे ते कपाट दाखवतात, कारण जे आपल्याला ठाऊक आहे ते मॅक्सीला ठाऊक नाही ही गोष्ट त्यांच्या ध्यानात येत नाही. चार-पाच वर्षांपासून बरोबर उत्तरे येऊ लागतात. त्यामुळे गुपितावर उभी असलेली गोष्ट पाच वर्षांच्या पुढच्यांसाठी ठेवावी. त्याहून लहानांसाठी चूक सर्वांसमक्ष घडलेली असावी आणि ताण ‘कोणाला कळेल का’ यावर नव्हे, तर ‘आता काय करायचे’ यावर असावा.

चित्रपुस्तक लिहायचे असेल तर पानांचा हिशेब आधी करावा. मोठा कागद छापून घड्या घालण्याच्या पद्धतीमुळे पुस्तकाची पाने आठाच्या किंवा सोळाच्या पटीत पडतात आणि चित्रपुस्तके बहुधा ३२ पानांची असतात. शीर्षक, प्रकाशनाचा तपशील वगैरे वजा जाता गोष्टीसाठी सुमारे १२ ते १४ जोडपाने (पुस्तक उघडल्यावर समोरासमोर दिसणारी दोन पाने) उरतात. पिठाच्या गोष्टीत फुगण्याची वाट पाहण्याला त्यांतली निदान दोन जोडपाने द्यावीत आणि त्यांवर शब्द जवळजवळ नसावेत. गोळा किती फुगला ते चित्रकाराने दाखवावे. ‘गोळा फुगला होता’ असे खाली पुन्हा लिहिणे म्हणजे चित्रकाराच्या कामावर अविश्वास दाखवणे आहे.

शिकणे दाखवावे, यश नव्हे

स्वयंपाक शिकणे म्हणजे तीनदा चुकणे आणि प्रत्येक वेळी निराळे चुकणे. मीनूचा गोळा दोन्ही वेळा एकाच कारणाने दगड झाला, तर ती काहीच शिकलेली नाही. पहिल्या खेपेला पाणी कमी पडले, दुसऱ्या खेपेला तिने धीर सोडून तो अर्ध्या वेळातच ओव्हनमध्ये घातला, असे असावे. दुसऱ्या चुकीतून तिचा स्वभावही कळतो आणि पुढे तिला वाट पाहायला लावण्यातली गंमतही त्यातूनच येते.

हाताच्या कामांची नावे नेमकी लिहावीत. ‘तिने पीठ तयार केले’ या वाक्यात काहीच दिसत नाही; चाळणे, भिजवणे, मळणे, तिंबणे, झाकणे या प्रत्येक क्रियेत हात निराळा हलतो. मूल किती वर्षांचे आहे त्यानुसार काम द्यावे: तीन-चार वर्षांचे मूल भाजी धुते, पाने खुडते, ढवळते, सहा-सात वर्षांचे मूल मोजते, मळते, बोथट सुरीने मऊ फळ कापते, शेगडीवरचे काम त्यापुढचे आणि तेही शेजारी मोठे माणूस असताना. वाचणाऱ्या मुलाला हे हिशेब लगेच कळतात. पाच वर्षांच्या पात्राने एकटीने उकळते पातेले उतरवले की ‘हे खोटं आहे’ असे ते तोंडावर सांगते.

भावनेच्या बाबतीतही हाच नियम लावावा. ‘मीनूला खूप मत्सर वाटला’ असे लिहिण्याऐवजी, सगळे ताराच्या पावाचे कौतुक करत असताना मीनू आपल्या नखांत अडकलेले पीठ कोरून काढत राहिली असे लिहावे. मत्सर हा शब्द संपूर्ण गोष्टीत एकदाही आला नाही तरी बिघडत नाही. एखाद्या पात्राच्या तोंडी आलाच तर तो चुकीच्या वेळी, चुकीच्या माणसाने उच्चारलेला असावा.

शेवट आणि उरलेले अन्न

मीनूचा पाव ताराच्या पावापेक्षा सरस झाला, हा शेवट टाळावा. त्याने तुलना संपत नाही, फक्त पारडे फिरते आणि आता ताराच्या पोटात दुखायला हवे. मीनूचा पाव खाण्याजोगा झाला, थोडा वाकडा झाला आणि तिला त्याच्या कडा आवडल्या, एवढे पुरे असते. क्षमेचेही तसेच. तारा लगेच मिठी मारत नाही. ती आधी विचारते, ‘खिडकीतच का ठेवलास?’ आणि मीनूला उत्तर देता येत नाही. त्यानंतर तारा गोळ्यावरचे फडके सारखे करून पुन्हा शेजारी बसते. मुले याहून अधिक मागत नाहीत.

ती काय मागतात, हे मला माझ्याच एका कच्च्या खर्ड्याने शिकवले. त्यात दोन मित्रांच्या भांडणात बिस्किटे जळत होती आणि मी भांडण मोठ्या निगुतीने मिटवले होते. वाचून झाल्यावर सहा वर्षांच्या एका श्रोत्याने एवढेच विचारले, ‘मग ती जळकी बिस्किटं कोणी खाल्ली?’ माझ्याकडे उत्तर नव्हते. स्वयंपाकाच्या गोष्टीत बिघडलेल्या अन्नाचे काय झाले, हे सांगावेच लागते. मीनूचे दगड झालेले पाव फेकले गेले, की कुटून त्यांचा चुरा केला गेला, की ताराने हट्टाने एक तुकडा चावून पाहिला? शेवटचा पर्याय असेल तर त्यातूनच मैत्रीबद्दल एक पान निघते, आणि ते भांडणाच्या आधीच येऊन गेलेले असावे.

खर्डा पुरा झाला की दोन परीक्षा घ्याव्यात. पहिली म्हणजे तो पदार्थ लेखकाने स्वतः, घड्याळ समोर ठेवून, पात्राच्या चुकांसह करून पाहावा. खिडकीत गारठलेला गोळा हाताला कसा लागतो हे बसल्या जागी सुचत नाही. दुसरी म्हणजे मुलांना मोठ्याने वाचून दाखवताना त्यांना प्रश्न न विचारता फक्त कुठे चुळबुळ होते आणि कुठे हात थांबतात एवढे टिपावे. ‘आवडली का?’ असे विचारले की मुले सभ्यपणे हो म्हणतात आणि लेखक फसतो.

पुस्तकाच्या शेवटी पाककृती द्यायची असेल, तर ती कधीही पाव न केलेल्या एखाद्या मुलाकडून मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली करून घ्यावी आणि ते जिथे अडखळेल तिथली ओळ बदलावी. मापे पेल्या-चमच्यांत द्यावीत, ज्या पायरीला मोठा माणूस हवा तिच्यापुढे तसे स्पष्ट लिहावे आणि वाट पाहण्याची वेळ लपवू नये. गार खिडकीबद्दलची सूचना मात्र तिथे घालू नये. गोष्ट वाचलेले मूल गोळा झाकताना आधी खिडकीकडेच पाहते.